आनहोल्टच्या टोकाला कोण गेलं होतं

भावोजी, तुमच्या जाण्यानं अमेरिकेतल्या या कॅरी गावाच्या मराठी जगात एक पोकळी निर्माण झाली आहे आणि ती कधीही भरून निघणार नाही. तुमच्या शोकसभेत हे वाक्य सात जणांनी म्हटलं. आठवे पाटणकर काका. ते 'निर्वात पोकळी' म्हणाले, कारण त्यांनी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. प्रत्यक्षात ही पोकळी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार ते सहा एवढ्या आकाराची आहे. ज्येष्ठांच्या कट्ट्याची ती वेळ, जिच्यात तुम्ही बोलायचात आणि बाकीचे ज्येष्ठ बसायचे. तिथे मंडळानं पुढच्या महिन्यापासून झुंबा ठेवला आहे. ताईनं नाव दिलंय.

मंडळाच्या स्मरणिकेत तुमच्यासाठी दोन पानं राखली आहेत आणि ती मी लिहावीत असं ठरलं. मी तुमची मेहुणी, त्यातून मिरजेच्या शाळेतली शिक्षिका, म्हणजे शुद्धलेखन तपासायचं काम वाचलं. सेक्रेटरी नीतानं फोनवर सांगितलं, "मावशी, थोडं वॉर्म लिहा, आणि काकांच्या त्या बेटाबद्दल तर मस्टच." मी हो म्हणाले. त्या बेटाबद्दलच लिहिणार आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याबद्दल एखादं वाक्य सुरू करीन आणि ते मीच पूर्ण करीन. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, ही या प्रसंगाची एकमेव चांगली बाजू आहे.

नवीन मंडळींसाठी सांगते. आनहोल्ट हे डेन्मार्कचं एक छोटं बेट आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या मधोमध समुद्रात एकटंच पडलेलं, बोटीनं तीन तास. नकाशावर ते कोयरीसारखं दिसतं. पश्चिमेला जाड, तिथे बंदर, एक गाव आणि दोन-तीन टेकड्या. पूर्वेकडे निमुळतं होत जातं आणि शेवटी वाळूची एक जीभ समुद्रात निघते. त्या जिभेवर सील येऊन पडतात. मधला सगळा भाग उघडा, सपाट, करडा. एके काळी तिथे पाइनचं जंगल होतं असं सांगतात. पूर्वेच्या दीपस्तंभात तेव्हा लाकडाची आग पेटवायचे, जहाजं बुडू नयेत म्हणून. ती आग पेटती ठेवायला बेटावरच्या लोकांनी आपलं जंगल तोडून जाळलं. झाडं संपल्यावर वाळू सुटली आणि त्या भागाला आता तिथले लोक 'वाळवंट' म्हणतात.

तुमचं भाषण इथे येऊन थांबायचं. तुम्ही चष्मा काढायचात आणि म्हणायचात, "मंडळी, स्वतःचं जंगल जाळून दुसऱ्याला उजेड. याला त्याग म्हणतात." मी मागच्या रांगेतून म्हणायचे की तो त्याग नव्हता, राजाचा हुकूम होता. त्यावर लोक हसायचे आणि तुम्ही पुढची स्लाइड लावायचात.

दुसरा वाद वाळवंटाचा. मी अठरा वर्षं भूगोल शिकवला. जिथे वर्षाला पंचवीस सेंटिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो ते वाळवंट, हे मी इतक्या वर्गांना पाठ करायला लावलंय की झोपेतही सांगेन. आनहोल्टवर आपण दोन दिवस होतो आणि दोन्ही दिवस पाऊस पडला. छत्री धरून तुम्ही मला म्हणालात, "बाई, तुम्ही या क्षणी वाळवंटात उभ्या आहात." तुमच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं. मी पावसाचं प्रमाण काढलं, तुम्ही म्हणालात की डॅनिश लोकांना त्यांचं बेट तुमच्या आठवीच्या पुस्तकापेक्षा जास्त कळतं. हा वाद तुम्ही अर्धवट टाकून गेलात. मी बरोबर होते.

तुम्ही औषधांच्या कंपनीत गोळ्यांच्या स्ट्रिपा तपासणारे. भूगोलाशी तुमचा संबंध रोजच्या येण्याजाण्यापुरता, आय-फॉर्टी हायवेवरून. तरी तो विषय तुम्ही मलाच शिकवायचात. अर्थात तुम्ही सगळंच शिकवायचात. मला ड्रायव्हिंग तुम्ही शिकवलंत आणि मी नापास झाले. मग शेजारच्या कोरियन बाईंनी शिकवलं, तेव्हा पास झाले. पार्टीत मात्र तुम्ही सांगायचात, "बाईंना गाडी मी शिकवली."

आता माझी मूळ तक्रार.

मी अमेरिकेत आले ती सेहेचाळिसाव्या वर्षी. ताईनं बहिणीच्या नात्यानं अर्ज केला होता, त्याचा नंबर लागायला तेरा वर्षं गेली. तोवर मी मिरजेत फळ्यावर डोळे मिटून नॉर्वेची किनारपट्टी काढत होते. प्रत्यक्ष समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याचा, शाळेच्या सहलीत, मुलं मोजत. एकटीनं कुठे गेले नव्हते. आई-वडिलांचं करायचं होतं, मग ते गेले, मग व्हिसा आला. इथे दोन वर्षं तुमच्या गेस्ट रूममध्ये राहिले, मॉरिसव्हिलच्या एका डे केअरमध्ये नोकरी धरली. तिसऱ्या उन्हाळ्यात आपण अमेयकडे कोपनहेगनला गेलो. तुमचा मुलगा कामात बुडालेला, आई-बाप आणि मावशी तिघं एका खोलीत, चौथ्या दिवशी त्यानं फार प्रेमानं विचारलं की तुम्हाला कुठे बाहेर जायचं नाही का. आनहोल्ट तुम्ही निवडलंत. कारणही सांगितलंत. कॅरीतला एकही मराठी माणूस तिथे गेलेला नव्हता.

डेन्मार्कला यायचं म्हणून तुम्ही आधीच तीन महिने फोनवर डॅनिश शिकला होतात. बोटीवर तुम्ही कॉफीवाल्या मुलीशी डॅनिश बोललात, ती इंग्रजीत उत्तर देत राहिली. शेवटी तुम्ही तिचे डॅनिश उच्चार सुधारलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी पूर्वेच्या टोकाला चालत जायचं ठरलं होतं. ताईचा गुडघा नाश्त्यालाच नको म्हणाला. तुम्ही या सहलीसाठी घेतलेले नवे कोरे बूट आदल्या दिवशी घालून मिरवलेत, त्यामुळे दोन्ही टाचांना फोड. तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्ही जा. मी इथे बंदरावर स्थानिक जीवनाचा अभ्यास करतो." मी निघाले तेव्हा अभ्यास आइस्क्रीमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर सुरू झाला होता.

तुमचा पिवळा रेनकोट मात्र तुम्ही मला जबरदस्तीनं घातलात. तो माझ्या गुडघ्याखाली येत होता. खिशात ताईनं फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दोन दशम्या होत्या आणि तुमची एक चिठ्ठी. 'याय एर फारेत विल.' देवनागरीत. खाली कंसात 'मी वाट चुकले आहे.' त्याखाली अधोरेखित, 'र स्पष्ट उच्चारू नये.'

मी चालले. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर. सुरुवातीला पाइनची नवी लावलेली झाडं लागतात, मग ती संपतात आणि सगळं उघडं होतं. जमिनीवर दगडफूल पसरलेलं. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते, त्याचेच भाऊबंद, मैलच्या मैल, पांढरट करडे. सकाळपर्यंत पाऊस पडत होता म्हणून पावलाखाली ते ओल्या स्पंजासारखं दबत होतं. परत येताना वाऱ्यानं वरचा थर सुकला होता आणि पापडासारखा मोडत होता. मध्येच काळपट हिरव्या झुडपांच्या चटया, एखादं बुटकं जुनिपरचं झाड, वाऱ्यानं एकाच बाजूला केस विंचरल्यासारखं. जमीन सपाट दिसते पण सपाट नाही. गोट्यांच्या लांबच लांब लाटा आहेत, एकामागे एक. समुद्र मागे हटत गेला आणि प्रत्येक जुना किनारा तिथेच राहिला. हे मी मुलांना आकृती काढून शिकवलं होतं. आकृतीला नाव द्या, दोन गुण. आणि मी त्या आकृतीवर उभी होते, माणूस नाही, आवाज नाही, लाल चोचीचा एक पक्षी माझ्यावर ओरडत होता तेवढाच. मी तिसऱ्या का चौथ्या लाटेवर खाली बसले आणि दशमी खाल्ली. रडले का, तर थोडं. रेनकोट ओलाच होता.

संध्याकाळी परत आले तेव्हा तुम्ही खोलीत पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसला होतात. दिवसभर बाकावर बसलेल्या माणसाला एवढी बादली कशाला, असं माझ्या मनात आलं. तुम्ही विचारलंत, "काय बाई, टोक गाठलंत?" मी सगळं सांगितलं. दीपस्तंभ सांगितला, त्याच्या पुढे वाळूची जीभ सांगितली, अगदी टोकाला पडलेले सील सांगितले. दहा पावलांवर. त्यातल्या एकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या हेडमास्तरांसारखं. ताईनं विचारलं, ते दगडफूल मसाल्यात चालेल का. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. तुमच्या बाबतीत हे इतकं दुर्मीळ होतं की मला वाटलं तुम्हाला हेवा वाटला.

ती माझी गोष्ट होती, भावोजी. माझ्याकडे दुसरी नव्हती. लोकांकडे लग्नाच्या असतात, बाळंतपणाच्या असतात, पहिल्या नोकरीच्या, पहिल्या घराच्या. मी एकटीनं उठून कुठेतरी गेले अशी ही एकच.

त्याच वर्षीच्या दिवाळीत तुमच्याकडे फराळाला पंधरा-वीस माणसं होती. पार्सिपनीहून कुणाचा तरी जावई आला होता, फोनमधून मान वर न काढणारा. ताईनं सगळ्यांसमोर म्हटलं, सुमन, सांग ना ते बेटाचं. मी सांगायला लागले. माणसं ऐकत होती. चकल्या खायचं थांबून ऐकत होती, भावोजी. मी दीपस्तंभाच्या पुढे गेले, वाळूवर आले, सील दिसले, आणि त्या जावयानं फोनमधून मान वर करून काहीतरी विचारलं. एवढ्यात तुम्ही हातातली वाटी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "थांबा, थांबा. टोकाला मी गेलो होतो."

सगळे तुमच्याकडे वळले. मग तुम्ही सांगत सुटलात. दहा पावलं, मान वळवणारा सील, सगळं. हेडमास्तरसुद्धा. मी उठून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. तिथून पुढे ती गोष्ट तुमची झाली. कट्ट्यावर, गणपतीत, शार्लटच्या मंडळात पाहुणे वक्ते म्हणून, वीस-बावीस वेळा तरी. स्लाइड्स माझ्या कॅमेऱ्यातल्या. त्यातल्या एका फोटोत दीपस्तंभाकडे तोंड करून पिवळ्या रेनकोटातलं एक माणूस पाठमोरं उभं आहे, डोक्यावर टोपी ओढलेली. "हा पिवळा ठिपका म्हणजे मी," तुम्ही म्हणायचात. तो फोटो तिथे भेटलेल्या एका जर्मन जोडप्यानं काढला होता. तुम्ही त्या वेळी सात किलोमीटर पश्चिमेला होतात.

मी नऊ वर्षं गप्प बसले. तुमच्या घरात राहिले होते, तुमचं मीठ खाल्लं होतं, ताई समोर असायची. कधीतरी तुम्ही स्वतःहून म्हणाल असं वाटायचं. 'बाई, ते जरा चुकलंच.' एवढंच. इंग्रजीत म्हणाला असतात तरी चाललं असतं.

मग तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही गेलात. अमेय आला, सगळं केलं, परत गेला. शोकसभा नंतर, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. आपल्या आधी तिथे कुणाचा तरी बेबी शॉवर होता, दोन गुलाबी फुगे छताला राहिले होते. दारातच नीतानं मला हाताला धरून पुढे नेलं. टेबलावर पांढरी चादर, समई, उदबत्ती आणि मध्ये तीन फूट उंचीची फ्रेम. तिला शेवंतीचा जाड हार.

"मावशी, परफेक्ट आहे ना?" ती म्हणाली. "काकांच्या स्लाइड्समधूनच काढला. निसर्गाकडे तोंड, आपल्याकडे पाठ. एकदम काका."

तुम्ही श्रोत्यांकडे आयुष्यात कधी पाठ केली नाहीत, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. फ्रेममध्ये मी होते.

मी सांगणार होते. तोंड उघडलंही. पण पुढच्या रांगेत ताई बसली होती, पांढऱ्या साडीत एवढीशी झालेली, आणि मागून रांग सरकत होती. एक ताटली माझ्या हातात आली. मी मला फुलं वाहिली. मला हात जोडले. मग दोन मिनिटं माझ्यासाठी उभी राहिले. शेजारच्या बाई फोटोकडे बघत माझ्या कानात म्हणाल्या, "काकांची तब्येत मात्र शेवटपर्यंत धिप्पाड होती हं." त्यानंतर पाटणकर काका निर्वात पोकळीवर बोलले. मी त्या वेळात मनातल्या मनात हा लेख लिहिला. त्याचा पहिला खर्डा इथे छापता आला नसता.

सभा संपल्यावर फ्रेम माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर घालून ताईला घरी आणलं. स्वयंपाकघरात तिनं पर्स ठेवली, फ्रेम टेबलाला टेकवली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं.

"आधी तो हार काढ, सुमे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"अगं, बघतेस काय. तुझ्या पाठीमागे बसून दहा वर्षं वेण्या घातल्यात मी. तुझी पाठ ओळखणार नाही?"

"मग नऊ वर्षं बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? ते बोलत होते."

मी हार काढला. तो सिंकमध्ये ठेवावा की केरात, कळेना. मी म्हणाले की माणूस गेला आहे, बोलू नये, पण त्यांनी माझी एकुलती एक गोष्ट पळवली. ताई खुर्चीवर बसली आणि गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "पार्सिपनीच्या त्या जावयानं त्या दिवशी काय विचारलं, आठवतंय तुला?"

मला आठवत नव्हतं.

"फोनमध्ये बघून विचारलं त्यानं. मावशी, पण इथे तर लिहिलंय की टोकाला माणसांना जायला बंदी आहे, सीलसाठी राखीव आहे ते. तू कशी गेलीस म्हणून."

आल्याआल्या ठेवलेला चहा उकळत होता. मी गॅस बारीक केला.

"त्यांना आधीच माहीत होतं," ताई म्हणाली. "तू निघून गेलीस आणि यांनी बंदरावरचा तो मोठा नकाशा वाचला, पूर्वेला लाल रेघा मारलेला. घाबरले. म्हणाले, तिला इंग्रजीत कोणी सांगणार नाही, ती आत शिरेल, दंड होईल, ग्रीन कार्डाला काहीतरी होईल. आइस्क्रीमवाल्या बाईच्या सपाता मागून घातल्या आणि निघाले तुझ्यामागे. त्या पाइनच्या झाडांपर्यंत गेले. पुढे पाय टाकवेना, मग आले परत. फोड फुटले होते सगळे. म्हणून ती बादली."

"आणि मी आल्यावर?"

"तू आलीस ती चेहरा असा फुललेला घेऊन. मला बाहेर बोलावून म्हणाले, गेली नसणार ती. शाळेतली बाई आहे, पाटी बघून थांबली असणार. पण खूश आहे, राहू दे. काही विचारू नकोस."

"आणि दिवाळीत?"

"दिवाळीत तू पकडली जाणार होतीस, सुमे. वीस माणसांसमोर. म्हणून ते मध्ये पडले. आठवतंय, त्या मुलाला काय म्हणाले? तिकडच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोललं की सोडतात. हसले सगळे, विषय संपला."

मी विचारलं, मग पुढच्या एकवीस वेळा कोण पकडलं जाणार होतं.

ताईनं थोडा विचार केला. "ते त्यांना आवडायला लागलं," ती म्हणाली.

भावोजी, मला हे फार जड गेलं आहे. तुमच्यावरचा राग मी नऊ वर्षं नीट सांभाळला होता. त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. आता तो अर्धाच वापरता येतो. पहिल्या वेळेचा सोडून द्यावा लागतो. उरलेल्या एकवीस वेळांचा ठेवते आणि तो सोडणार नाही. पहिल्या वेळी तुम्ही जे केलंत त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. राजाचा हुकूम तर नव्हता. पण तुम्ही त्याला त्याग म्हटलं असतंत, चष्मा काढून, म्हणून मी म्हणणार नाही.

आणि हे तुम्ही मला सांगायला हवं होतंत. जगातली प्रत्येक गोष्ट तुम्ही मला सांगितलीत. मायक्रोवेव्हमध्ये पोळी कशी ठेवायची, सांगलीचं हवामान कसं असतं, नायट्रोजनचं चक्र. एवढी एकच गोष्ट तुमच्याकडे माझ्या उपयोगाची होती, ती तेवढी पोटात ठेवलीत. मीही काही कमी नाही. खोटं बोलले होते म्हणूनच नऊ वर्षं भांडले नाही, मिठाचं कारण नंतरचं. खरं भांडायला बसले असते तर पहिल्याच प्रश्नात अडकले असते, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं. आपण दोघं एकच खोटं नऊ वर्षं सांगत होतो, मी गप्प बसून आणि तुम्ही स्लाइड लावून, आणि एकमेकांना एकदाही भेटलो नाही. तुम्ही बंदरावरून आणलेल्या त्या सपातांचं मला कोणी सांगितलं असतं, तर मी भाषणाला पुढच्या रांगेत बसले असते. निदान तोंड वाकडं केलं नसतं.

रेनकोट तुमच्या कपाटात अजून आहे. ताईनं विचारलं, घेतेस का. मी खिसे तपासले, चिठ्ठी होती. शाई पसरली आहे पण 'र स्पष्ट उच्चारू नये' वाचता येतं. रेनकोट घेतला. फ्रेमही घेतली, कारण ताई म्हणाली की माझ्या घरात तुझी पाठ कशाला. हार तिनं शेवटी तुळशीच्या कुंडीत घातला. तुमचा फोटो, पुढून काढलेला, तोंड उघडं असलेला, आता हॉलमध्ये लावला आहे. हार नवा आणला.

आता बेट मला परत हवं आहे, म्हणून स्मरणिकेच्या नोंदीसाठी, आणि पार्सिपनीच्या त्या जावयासाठी, जे झालं ते लिहून ठेवते. आनहोल्टच्या टोकाला कॅरीतला कोणीही मराठी माणूस गेलेला नाही. तुम्ही पाइनच्या झाडांपर्यंत गेलात, दुसऱ्याच्या सपातांवर. मी दीपस्तंभाच्या थोडं पुढे गेले. तिथे एक पाटी होती, डॅनिश, जर्मन आणि इंग्रजीत, आणि एक ढिली तार. तार ओलांडायला पाऊल उचलायचीही गरज नव्हती. मी पाटी तिन्ही भाषांत वाचली आणि थांबले. त्या जर्मन जोडप्याकडे तिवईवरची दुर्बीण होती, त्यांनी मला बघू दिलं. खूप लांब, वाळूच्या अगदी शेवटी, काळपट लांबोळके असे पंधरा-वीस ठिपके होते. जर्मन बाई म्हणाल्या, सील. मी आळीपाळीनं तासभर बघत होते. त्यातला एकही हलला नाही.